येताना किती वेळ लागतो

मार्गशीर्षातला गुरुवार. दिवस कलायला लागलेला. हजर माणसं अशी : माय, चुलीपुढे, उपवासाची भगर शिजवत. अण्णा, म्हणजे माझे वडील, पुढच्या खोलीत जळालेल्या मोटारीतून तांब्याची तार उपसत. गोदाआत्या, अण्णांची थोरली बहीण, उंबऱ्यात बसून तुरीच्या ओल्या शेंगा सोलत. मी, शोभा, नववीत, मांडीवर गणिताचं पुस्तक आणि लक्ष शेंगांत. आणि दारात रहीमचाचा, आमचे शेजारी, स्टेशनबाहेर केळीचा गाडा लावणारे, हातात तराजूचं रिकामं पारडं घेऊन उभे. गैरहजर : दादा. माझा थोरला भाऊ बालाजी.

काहीही लिहायला बसले की मी आधी हजेरी मांडते. कोण होतं, कोण नव्हतं, कोणाच्या हातात काय होतं. एवढं कागदावर आलं की पुढचं लिहायला हात उचलतो. ही सवय मला त्याच मार्गशीर्षात लागली, ते पुढे येईलच. पण चाचा हातात पारडं घेऊन दारात का उभे होते ते कळायला थोडं मागे जावं लागेल.

घाटनांदूरला स्टेशनच्या रस्त्यावर आमचं घर. पुढची खोली म्हणजे अण्णांचं मोटार वाइंडिंगचं दुकान आणि मागची खोली म्हणजे बाकीचं सगळं जगणं. शेतातल्या पाण्याच्या मोटारी जळाल्या की लोक बैलगाडीत, सायकलला बांधून, कधी खांद्यावर टाकून आमच्याकडे आणत. उन्हाळ्यात तर दारात मोटारींची रांग लागे आणि त्यांच्यातून पाय ठेवत मला शाळेत जावं लागे. अण्णा हाताने फिरवायच्या यंत्रावर तार गुंडाळत, त्याचा कट् कट् आवाज दिवसभर चाले. गुंडाळून झाल्यावर ते वार्निश लावत आणि त्याचा वास मागच्या खोलीत, अंथरुणात, भाकरीच्या दुरडीत, माझ्या वेणीतसुद्धा असायचा. शाळेत पोरी मला नाक मुरडायच्या. आज कुठे ताजं वार्निश दिसलं की मी पाच मिनिटं तिथून हलत नाही, लोकांना वाटतं बाई रंगकाम तपासतायत.

दादा अंबाजोगाईला आयटीआयमधून वायरमन झाला, पण खरी शिकवण अण्णांची. चालू लाइन तपासताना एक हात खिशात. हा अण्णांचा एकच नियम होता आणि तो ते रोज सांगत. दोन्ही हात लागले की करंट छातीतून जातो, एकच लागला तर माणूस वाचण्याची आशा असते. दादा घरात बल्ब बदलतानासुद्धा डावा हात खिशात घालायचा, आणि पँटला खिसा नसला तर पाठीमागे धरायचा. माय त्याला चिडवायची, "आलं बघा, सायेबावानी हात पाठीमागं धरून."

तर दादाला काम हवं होतं आणि घाटनांदूरला एका दुकानात दोन माणसांचं काम नव्हतं. अण्णांनी पुण्याला एका ओळखीच्या माणसाकडे शब्द टाकला, तिथे जागा मिळतही होती. मायने नाही म्हटलं. ती एकदाच पुण्याला गेली होती, यष्टीने रात्रभर, आणि वाटेत सगळीकडे ओकत. तिच्या दृष्टीने पुणं म्हणजे माणूस हातचं जाण्याइतकं लांब. इथे आमच्याकडची एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर माझी माय वेडी होती असं वाटेल. आमच्याकडे मुलगी द्यायची असो की पोराला नोकरीला धाडायचं असो, बायका पहिला प्रश्न हाच विचारतात : मातीला पोचता येतं का? सकाळी निरोप गेला तर दिवस मावळायच्या आत येऊन माणसाचं तोंड बघता येतं का? येत असेल तर ते गाव जवळ. नसेल तर लांब. माझ्या दोन मावश्यांची स्थळं याच प्रश्नावर मोडली होती. माय म्हणायची, "म्या मेले तर पुण्याहून यीस्तोवर लोक मला घरात ठिवतेत व्हय? माजं तोंड बी दिसायचं न्हाई पोराला."

आणि अशात रहीमचाचांचा मेहुणा मस्कतहून निरोप घेऊन आला, की त्यांच्या बांधकाम कंपनीला वायरमन हवेत. चाचा संध्याकाळी आमच्याकडे आले. माय भाकरी थापत होती. ती वळूनही न बघता म्हणाली, "ह्ये मस्कत कुठं आलं?"

"दर्याच्या पल्याड, भाभी."

"मंग नगं. पुण्याला न्हाई म्हनले, आन् दर्याच्या पल्याड धाडू?"

"अवो, पर इमानानं जायचं. बंबईत बसलं की अडीच तासात मस्कत. हा माजा साला बसलाय समोर, इचारा त्याला."

मायचा हात परातीत थांबला. "अडीच तास?"

"अडीच," मेहुणा म्हणाला. "कदी कदी त्याच्याबी आत."

"अगं बया," गोदाआत्या म्हणाली, "आंबाजोगाईहून बीडला यष्टीला तेवढंच लागतंय की."

"आन् यष्टीत खिडकीतून वकावं लागतं आत्या," दादा म्हणाला. "इमानात त्याला बी पिशवी देतेत. मायसाठी दोन मागून घेतो."

सगळे हसले. माय हसली नाही. ती हिशेब करत होती हे मला तिच्या ओठांवरून कळलं. अण्णा तेवढे म्हणाले, "पुणं जमिनीवर हाय. काय झालं तर पुण्याहून मानूस चालत बी यील. दर्यावरून कसं चालंल?"

"चालायचं कावून?" माय म्हणाली. "इमान हाय ना." आणि तिने तव्यावरची भाकरी उलटली. पुण्याला नाही म्हणणाऱ्या माझ्या मायने मस्कतला हो म्हटलं ते असं. मातीला पोचता येत होतं म्हणून. त्या खोलीत तेव्हा आम्ही सात माणसं होतो आणि माती म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे म्हातारी माणसंच होती.

दादा निघाला तेव्हा मायने त्याला येसर करून दिला. गहू, हरभऱ्याची डाळ, धने आणि मसाला वेगवेगळा खरपूस भाजायचा आणि एकत्र दळायचा. परदेशात काही मिळालं नाही तरी उकळत्या पाण्यात दोन चमचे येसर टाकला की आमटी होते. दोन दिवस घर त्या भाजण्याच्या वासाने भरलं होतं, वार्निशवर पहिल्यांदा कुठल्या वासाने मात केली असेल तर ती येसराने. अण्णा त्याला मुंबईपर्यंत सोडायला गेले. विमान उडाल्यावर अण्णा परतीला लागले आणि घाटनांदूरला पोचले ते दुसऱ्या दिवशी. चाचांकडे निरोप आधीच आला होता, की पोरगा मस्कतला पोचला, जेवला आणि झोपला. माय दारात उभी राहून अण्णांना म्हणाली, "बगा. तुमी मुंबईहून यायच्या आत माजं लेकरू तिकडं झोपून बी उठलं." पुढचे कितीतरी दिवस तिला हे एवढं एक वाक्य पुरलं.

शुक्रवारी दादाला सुट्टी असायची. त्या दिवशी आम्ही स्टेशनजवळच्या एसटीडी बूथवर जाऊन बसत असू आणि तो फोन करी. पहिल्या फोनवर तो ओरडूनच बोलत होता, "माय, घड्याळात बगितलं तर एकच तास लागला! मुंबईत उडालो तवा चार वाजले होते, हितं उतरलो तर भिंतीवर पाच!" तिकडचं घड्याळ आपल्या दीड तास मागे आहे, हे मला शाळेतून ठाऊक होतं. मी मायला ते सांगायला गेले तर तिने मला कोपराने ढोसलं. गिरणीवर, विहिरीवर, बाजारात ती सांगत सुटली, की एक तासात पोचलं पोरगं. आत्या म्हणाली, "मंग रोज जिवायला घरी ये म्हनावं." मायला त्याचा राग आला नाही. मला वाटतं तिने त्यावर थोडा विचारही केला.

ती त्या अडीच तासांना हाताशी धरून राहिली. सकाळी चूल पेटवली की म्हणायची, "आता बसला समजा." मग भाकरी, कालवण, भांडी, शेण-पाणी, माझी वेणी. हे सगळं आटोपून पदराला हात पुसत म्हणायची, "हे बग, आला असता." दुपारी आमच्या गावावरून फार उंचावरून एक विमान जाई, त्याचा आवाज विमान दिसेनासं झाल्यावर यायचा. ती अंगणात येऊन बघायची आणि आत जायची. "ह्यात न्हाई तो. हे हैदराबादचं."

दिवाळी आली तेव्हा तिने बूथवर फोन घट्ट धरून विचारलं, "येतोस का बाळा?"

"माय, दोन वरसांनी सुट्टी हाय. पासपोर्ट कंपनीकडं ठिवलाय त्यांनी."

"पर इमानाला अडीचच तास लागतेत ना?"

मग दादा म्हणाला, "व्हय माय. इमानाला अडीचच लागतेत."

"मंग झालं तर," माय म्हणाली, आणि फोन माझ्याकडे दिला. दादाने मला विचारलं, अण्णांची दाढ दुखायची थांबली का, आणि मी येसर खाते का. त्याचा संपला होता.

आता हे सगळं फोनवर बघता येतं. दोन विमानतळांची नावं टाकली की मधलं अंतर आणि लागणारा वेळ लगेच समोर. मुंबई ते मस्कत : पंधराशे किलोमीटरच्या थोडं वर, अडीच तास आणि काही मिनिटं. नकाशावर एक निळी रेघ समुद्र ओलांडून जाते, मध्ये कुठे अडखळत नाही. खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, की जमिनीवर जाणारा वेळ यात धरलेला नाही. मी हे पान किती वेळा उघडलं ते सांगण्यात अर्थ नाही. माझ्या मुलीने एकदा मागून बघितलं आणि विचारलं, "आई, कुठे जायचंय का?" मी म्हटलं, अंतर बघत होते.

तर तो गुरुवार. दादाच्या पहिल्या सुट्टीला दोन महिने उरले होते. चाचा दारातूनच म्हणाले, "अन्ना, जरा भाईर या." त्यांच्या आवाजात काही वेगळं नव्हतं, पण गाडा सोडून ते पारडं हातात घेऊनच चालत आले होते आणि ते त्यांना माहीत नव्हतं. अण्णा हात पुसत बाहेर गेले. मला पारडं दगडावर पडल्याचा आवाज आला. अण्णा परत आत आले, त्या उघड्या मोटारीपाशी होते तसे बसले, आणि कोणाकडे न बघता म्हणाले, "म्या रोज सांगत होतो त्याला, येक हात खिशात." मग मायला कळलं. आत्याला तिच्याआधी कळलं होतं. आत्या उठली, भगरीचं पातेलं खाली उतरवलं आणि चुलीत तांब्याभर पाणी ओतलं. ओल्या राखेचा तो चर्रर्र आवाज आणि वर आलेली करडी वाफ. माय त्या वाफेतून आत्याकडे बघत राहिली.

घरात मैत झाली की चूल विझवायची आणि माती होईपर्यंत पेटवायची नाही. भाकरी शेजारची येते. सगळ्यांकडे असतं तसंच आमच्याकडे. पण माती कधी होणार? संध्याकाळपर्यंत अंगण भरलं आणि भावकीतल्या जाणत्या माणसांनी मिळून ठरवलं, की शुक्रवारी दुपारपर्यंत पोरगं येतंय. इमानाला अडीच तास, तिथून रात्रभराची गाडी. दोन वर्षं मायने गावभर सांगितलेला आकडा होता तो. कोणाला त्याची शंका आली नाही. लाकडं आली, बांबू आले, निरोप गेले. पार गेवराईकडच्या तलवाड्याहून मायचे भाऊ आले. शुक्रवारी दुपारी सगळे रस्त्याकडे तोंड करून बसले. शनिवारी पण बसले. रविवारी लाकडं भिंतीला लावून ठेवली.

मस्कतमध्ये पोलिसांचा कागद व्हायचा होता, डॉक्टरांचा व्हायचा होता, कंपनीने मोकळं केल्याचा व्हायचा होता, आपल्या वकिलातीचा व्हायचा होता, आणि दादाचा पासपोर्ट रद्द झाल्याचा शिक्का बसायचा होता. एक झाल्याशिवाय दुसरा होत नव्हता. चाचा गाडा बंद ठेवून दिवसभर बूथवर बसत आणि संध्याकाळी येऊन अण्णांना सांगत, कुठला कागद झाला आणि कुठला राहिला. ते मायच्या समोर येत नसत. मायने त्यांना एकदा आत बोलावलं आणि म्हणाली, "भाऊ, तुमी काय खोटं सांगितलं न्हाई. तिकडं जायला अडीचच लागले त्याला." त्यावर चाचा भिंतीला टेकून लहान मुलासारखे रडले.

मातीला आलेली माणसं माती झाल्याशिवाय जाऊ शकत नव्हती. त्यांना जेवू घालायचं होतं आणि आमची चूल विझलेली. पहिले दोन दिवस चार घरांतून भाकरी आली, तिसऱ्या दिवशी एकाही घरातून नाही, कारण प्रत्येकीला वाटलं दुसरीने दिली असेल. तेव्हा मी गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर रेघा मारल्या आणि लिहिलं : सकाळ कोण, संध्याकाळ कोण, किती माणसं. वही घेऊन घरोघर गेले. चाचींनी विचारलं, "माजं नाव लिवशील का बेटा?" मी लिहिलं, आणि आत्याकडे बघितलं. आत्या म्हणाली, "केळीवालीचं बुधवारी लिव, बुधवारी मानसं जास्ती हायती." माझी पहिली यादी ती. त्यानंतर मी आयुष्यात पुष्कळ याद्या केल्या. शाळेच्या ऑफिसात तीस वर्षं काढली, परीक्षा, सहली, दोन लग्नं, अण्णांचं आजारपण. सगळं नीट पार पडलं. लोक म्हणतात शोभाताईंना किती सुचतं. मला सुचत नाही. तिसऱ्या दिवशी भाकरी येत नाही, हे मला माहीत आहे, एवढंच.

दुसरा गुरुवार उजाडला आणि मी चुलीच्या आवाजाने जागी झाले. मायने चूल सारवली होती, गोवऱ्या रचल्या होत्या, आणि जाळ पेटला होता. आत्या धावत आली.

"आगं सखू, काय करायलीस? मैत झालेलं घर हाय!"

"कुठाय मैत?" माय म्हणाली. ती वळली नाही. "दावा मला. हितं हाय? अंगनात हाय? म्या कुठंच बगितली न्हाई."

"मानसं काय म्हनतील?"

"मानसांनी सांगितलं शुक्रवारी येतंय. आला? त्यो घरी आल्यावर म्या चूल इजवते. तवर माज्या घरात मैत न्हाई. तवर त्यो वाटंवर हाय, आन् वाटंवरचं लेकरू उपाशी येतंय." तिने पातेल्यात पाणी उकळायला ठेवलं आणि डब्यातून येसर काढला.

येसराची आमटी झाली, भाकरी झाल्या, आणि मायने तीन ताटं वाढली, चौथ्यावर झाकण घातलं. जेवायला कोणी उठेना. त्या चुलीवरचं खायचं म्हणजे दादा गेला नाही असं म्हणायचं, आणि न खायचं म्हणजे मायच्या तोंडावर, तो गेला, असं म्हणायचं. मी वही खाली ठेवली आणि जाऊन बसले. पहिला घास मी पाण्यासोबत ढकलला. मग अण्णा पुढच्या खोलीतून आले, माझ्या शेजारी बसले, ताट ओढलं आणि भाकरी चुरली. दोघांनी सगळं संपवलं. त्या दिवसापासून एकाच घरात दोन रीती चालल्या. पाहुणे आणि आत्या माझ्या यादीप्रमाणे शेजारची भाकरी खात आणि आम्ही तिघं मायची. दुपारी मायचं लक्ष नसताना आत्या झाकलेलं चौथं ताट मागच्या दाराने नेऊन गाईला घाली आणि ताट घासून पुन्हा जागेवर ठेवी, म्हणजे संध्याकाळी मायला ते रिकामं मिळावं.

मार्गशीर्ष सरत आला तेव्हा शेवटचा कागद झाला. अण्णा आणि चाचा मुंबईला गेले. बहुतेक पाहुणे तोवर पाया पडून, मान खाली घालून निघून गेले होते. लोकांची ज्वारीची राखण होती, पोरं-बाळं होती. सकाळी उन्हं अंगणात उतरता उतरता टेम्पो स्टेशनच्या रस्त्याला वळला. मी पेटी बघितली. साध्या फळीची, पत्र्याच्या पट्ट्या मारलेली, आणि एका अंगाला चिकटवलेल्या कागदावर दोन विमानतळांची तीन-तीन इंग्रजी अक्षरं, मध्ये बाण. बाकी काही मला वाचता आलं नाही. चार माणसांनी पेटी उतरवून अंगणात ठेवली.

माय चुलीपासून उठून आली. "उगडा," ती म्हणाली.

अण्णा म्हणाले, "न्हाई उगडायची. डाक्टरानं लिवून दिलंय."

अंगणातल्या सगळ्या बायका आता ती आरडाओरडा करील म्हणून पुढे झाल्या. तिने पेटीभोवती एक फेरी मारली. "डोकं कुन्या अंगाला हाय?" तिने विचारलं. अण्णांना ते माहीत नव्हतं. चाचांना होतं, त्यांनी विमानतळावर विचारून घेतलं होतं. त्यांनी हात लावून दाखवलं, आणि माय त्या अंगाला, फळीला गाल लावून बसली. पुष्कळ वेळाने तिने अण्णांकडे वर बघितलं.

"इमानाला किती येळ लागला?"

अण्णांनी चाचांकडे बघितलं. चाचांनी खाली. "अडीच तास," अण्णा म्हणाले.

"म्हंजी खरंच व्हतं," माय म्हणाली. "अडीचच लागतेत." तिने फळीवरून हात फिरवला. "मंग बाळा, येवढे दिस कुठं व्हतास रे?"

मग ती उठली. चुलीवर येसराची आमटी रटरटत होती. तिने पातेलं उतरवलं, कोपऱ्यातला तांब्या उचलला आणि स्वतःच्या हाताने चुलीत पाणी ओतलं. तो चर्रर्र आवाज या वेळी अंगणापर्यंत ऐकू गेला आणि तो आल्यावर माझी माय रडायला लागली. आत्याने तिला धरलं. पेटी तशीच नेली. दादाचं तोंड कोणी बघितलं नाही.

अण्णा आणि आत्या जाऊन आता बरीच वर्षं झाली, चाचाही गेले. माय माझ्याजवळ अंबाजोगाईला असते. ऐंशी उलटली, गुडघे गेले, कान बरे आहेत. विमान तिला अजून माझ्याआधी ऐकू येतं. अण्णांचं सगळं आटोपल्यावर, म्हणजे तिला आता आणखी कोणाची वाट बघायची उरली नव्हती तेव्हा, तिने एकदा मला जवळ बसवलं आणि म्हणाली, "शोभे, तुजं सगळं नीट असतं. एक काम कर. त्या इमानात एकदा बसून ये. घड्याळ लाव. जाताना नगं बगू, जातानाचं त्यानं सांगितलंय. येतानाचं बग. येताना किती लागतेत, ते मला कोनीच बसून सांगितलं न्हाई."

मला त्याचं उत्तर ठाऊक आहे. जाताना घड्याळात एकच तास दिसतो तर येताना चार दिसणार, दीड तास तिकडे मिळालेला इकडे परत द्यावा लागतो. मी तिला हे कागदावर आकृती काढून समजावलं. तिने कागद बघितला, घडी करून परत दिला आणि म्हणाली, "तू बसलीस का?"

मी पासपोर्ट काढला. त्याला आता दुसऱ्यांदा मुदतवाढ करून घेतली आहे. व्हिसाला काय काय लागतं ते माहीत आहे, रजा शिल्लक आहे, विमानाच्या वेळा पाठ आहेत. दर वर्षी नव्या वहीच्या पहिल्या पानावर मी वर्षाची कामं मांडते, आणि मस्कतची ओळ जुन्या वहीतून नव्या वहीत उतरते. बाकी सगळ्या ओळींपुढे वर्षअखेरीला बरोबरची खूण असते. तिकडे जायची मला भीती नाही. परतीच्या विमानात खिडकीशी बसायचं, पट्टा बांधायचा, आणि आपल्या पायाखाली सामान ठेवायची जागा असते, पेटी तिथूनच येते, हे माहीत असताना अडीच तास घड्याळाकडे बघायचं, तिथे माझा हात थांबतो.

काल सकाळी मी चहा घेऊन गेले तर माय पलंगावर उठून बसली होती. अलीकडे तिचं थोडं मागेपुढे होतं. माझ्याकडे अगदी आशेने बघत तिने विचारलं, "आलीस का गं? किती येळ लागला?"

"अजून गेले नाही माय."

"बरं, बरं," ती म्हणाली, आणि तिने कप हातात घेतला. "जाशील तवा थोडा येसर घिऊन जा. तिकडं त्याचा संपलाय."

तिकीट अजून काढलेलं नाही.